व्याह्यांना दिलेला नकाशा

शॉमबर्ग, १२ ऑक्टोबर २००३

चि. अबोलीस आशीर्वाद.

तुझी ईमेल आली, वाचली नाही. 'काका, कसे आहात' हे इंग्रजी अक्षरांत विचारलंस की माझी तब्येत तिथल्या तिथे बिघडते. आपल्या बेळगावात मराठी पाट्यांसाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. तुझ्या बाबांच्या कपाळावरची खूण तू लहानपणी बोटाने चाचपायचीस. आणि तू मला मराठी रोमन लिपीत पाठवतेस? कागद घे, पेन घे, तिकीट लाव. ओहायो काही चंद्रावर नाही.

आता कामाचं. तू इतिहासात पीएचडी करणार म्हणालीस तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. त्यात विषय बाल्कन! मंडळात कुणी विचारलं तर सांगायचं काय, तेच कळेना. पण शेजारी एक म्हातारा राहायला आलाय, स्टोयान म्हणून. बल्गेरियाचा. भूगोलाचा निवृत्त मास्तर, मुलीकडे असतो. आपल्या फॅमिली रूममधला संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा त्याने बघितला, बेळगाववरचा लाल ठिपका बघितला आणि विचारलं, हे काय? मी सांगितलं, छप्पन्न साली आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात ढकललं, तेव्हापासून भांडतोय. गडी उठला, घरी गेला आणि स्वतःचा नकाशा घेऊन आला की! हजार वर्षांपूर्वीचा, सॅम्युइल राजाचा. म्हणाला, हा आमचा बल्गेरियन राजा, ओह्रिड त्याची राजधानी, आणि ती आज शेजारच्या मॅसिडोनियात. ते लोक म्हणतात राजा त्यांचा.

अगं, मग हा आपलाच विषय निघाला! आधी का नाही सांगितलंस? जुने शिलालेख काढायचे आणि जमीन कुणाची ते ठरवायचं. शाब्बास. उद्या बेळगावचा वाद कोर्टात गेला तर तूच उपयोगी पडशील.

तुझी काकू विचारते, थंडीचा कोट घेतलास का.

काका


कोलंबस, ९ नोव्हेंबर २००३

प्रिय काका आणि काकू, नमस्कार.

घ्या, कागद, पेन, तिकीट. अक्षर कोंबडीचे पाय झालंय, हसू नका. कोट घेतला.

काका, जमीन कुणाची ते ठरवणं हा माझा विषय नाहीच. जवळजवळ उलटा आहे. त्या काळी सरहद्द म्हणजे तारेचं कुंपण नव्हतं. गावं आज या राजाला कर द्यायची, उद्या त्या. शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तू कोण. आज दोन देश त्याच्या वतीने उत्तर देतायत आणि एकमेकांच्या उरावर बसतायत. मी एवढंच लिहितेय. ऐकायला फार ग्रेट नाही, माहीत आहे.

आता खरी गोष्ट. दोन दिवस धीर गोळा करत होते. मी लग्न ठरवलंय. मुलगा व्लाट्को, इथे सिव्हिल इंजिनिअर आहे. मॅसिडोनियन. आई नाही, वडील स्पिरो इथे बेकरी चालवतात. पहिल्यांदा घरी गेले तर त्यांनी गरम पाव हातात दिला आणि विचारलं, तुझ्या वतीने बोलणारं कोण आहे? बाबा नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. मी म्हटलं, काका आहेत. तेव्हा खुलले. म्हणाले, मग काकांना माझ्या टेबलाशी बसून जेवावं लागेल, त्याशिवाय आमच्यात लग्न ठरत नाही.

आईला बेळगावला फोन केला. ती रडली आणि म्हणाली, काका म्हणतील तसं. म्हणजे सगळं तुमच्यावर आलंय.

एक सांगून ठेवते. स्पिरोंचा सख्खा भाऊ बल्गेरियात असतो आणि स्वतःला बल्गेरियन म्हणवतो. हे म्हणतात आपण मॅसिडोनियन. एका आईची दोन मुलं, वीस वर्षं बोलत नाहीत. हा विषय त्या घरात काढत नाहीत.

तुमची अबोली


शॉमबर्ग, १८ जानेवारी २००४

अबोले,

दोन महिने पत्र लिहिलं नाही, कारण मी रागावलो होतो. आता राग संपला. तुझ्या काकूने संपवला. ती म्हणाली, मुलगी विचारतेय हेच पुष्कळ, आजकाल कळवतात. असो. मी येईन. तुझ्या बाबांच्या जागी बसेन. माझा थोरला भाऊ असता तर त्यानेही हेच केलं असतं, आधी आरडाओरडा करून.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. मी स्टोयानला विचारलं. तो म्हणतो, मॅसिडोनियन म्हणून वेगळे लोकच नाहीत, ते मूळचे बल्गेरियन. मॅसिडोनिया युगोस्लाव्हियात होता तेव्हा तिथल्या शाळांनी पन्नास वर्षं पढवलं, तुम्ही वेगळे, तुमची भाषा वेगळी, आणि पोरं तेच घोकत मोठी झाली. बघ, हे आपल्या बेळगावसारखंच! आपल्याकडेही सरकार शाळांतून हेच करायला बघतं. आपण पढलो नाही, ते बिचारे पढले. पण स्टोयानला त्यांचा राग नाही हं. म्हणतो, परके कुठले, ते आमचेच आहेत. केवढं मोठं मन!

आणि माणसाने मनावर घेतलं की तो परत फिरतो. तुझी काकू धारवाडची, कानडी घरातली. आज तिचं मराठी ऐकून कुणी म्हणेल? लग्न झाल्यापासून या घरात एक कानडी शब्द नाही.

काका

ता.क. अबोली, मुलगा शांत आहे ना? बाकी काही विचारत नाही. – काकू


कोलंबस, ७ मार्च २००४

प्रिय काका,

तुम्ही येताय हे वाचून मी डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये उडी मारली. स्पिरोंना सांगितलं तर त्यांनी बेकरीतल्या गिऱ्हाइकांना फुकट पाव वाटले. मे महिन्यातला शेवटचा शनिवार ठरलाय. लग्न सप्टेंबरमध्ये.

काका, आता हात जोडून सांगते. स्टोयान जे म्हणतात ते त्यांच्याकडेच राहू दे. व्लाट्को कोण आहे ते व्लाट्कोला माहीत आहे. त्याला कुणी पढवलं वगैरे म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खुळा म्हणणं आहे. तुम्हाला कुणी सांगितलं की तुम्ही मूळचे कानडी, कुणीतरी पढवलं म्हणून मराठी बोलता, तर तुम्ही त्या माणसाला जेवू द्याल? जिन्यावरून ढकलाल.

त्या दिवशी इतिहासावर एक शब्द बोलायचा नाही. राजा नाही, राज्य नाही, भाषा नाही. वचन द्या. नाहीतर सरळ सांगा, मी जेवण कॅन्सल करते.

काकू, मुलगा शांत आहे. माझ्यापेक्षा.

अबोली


शॉमबर्ग, १० एप्रिल २००४

चि. अबोली,

वचन दिलं. तोंडाला कुलूप. हवामान आणि जेवण, याशिवाय बोलणार नाही. तुझ्या काकूसमोर लिहितोय, ती साक्षीदार.

बेळगावहून कुंदा मागवलाय, विमानाने येतोय. व्याह्यांसाठी मी स्वतः एक भेट तयार करवून घेतली आहे. काय ते सांगणार नाही. रिकाम्या हाताने मुलीकडचे कधी गेलेत का? एवढंच सांगतो, आयुष्यभर भिंतीवरून उतरवणार नाहीत अशी वस्तू आहे. आणि तू त्या दोन भावांचं लिहिलं होतंस ना, ते माझ्या मनाला फार लागलं. भाऊ गेल्यावर कळतं. असो, जास्त बोलत नाही.

काका


कोलंबस, १ जून २००४

काका,

गाडीत तुम्ही काकूला म्हणालात, 'किती प्रेमाने पाव बांधून दिला बघ.' काकूने मला फोनवर सांगितलं. मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. म्हणून आता झालं ते सगळं लिहिते, म्हणजे तुमचा गैरसमज राहणार नाही.

तुम्ही वचन पाळलंत. तीन तास तुम्ही हवामानावर बोललात. स्पिरोंनी पहाटे उठून स्वतः केलेलं सगळं तुम्ही खाल्लंत, काकूने बटाट्याची कृती विचारली. मला वाटलं, सुटले. मग तुम्ही कागदात गुंडाळलेली ती भेट आणलीत. सोनेरी चौकट. स्पिरोंनी लहान मुलासारखा कागद फाडला.

सोफियात छापलेला नकाशा. वरती मोठ्या अक्षरांत 'बल्गेरियन साम्राज्य'. त्यांचं जन्मगाव, आईचं गाव, ओह्रिडचं तळं, सगळं एका गुलाबी रंगात. आणि खाली पितळी पट्टी, तुम्ही स्टोयानकडून बल्गेरियनमध्ये लिहून घेतलेली. 'आपण एका घरचे.'

तुम्ही हसत होता. स्पिरोंनी व्लाट्कोला विचारायला सांगितलं, हे कुणी लिहिलं? तुम्ही कौतुकाने म्हणालात, माझ्या बल्गेरियन मित्राने.

मग स्पिरो जे बोलले ते तुम्हाला व्लाट्कोने सांगितलं नाही. मी सांगते. ते म्हणाले, 'मला शत्रू म्हणाले असते तर मी अजून एकदा वाढलं असतं. हे म्हणाले, तुम्ही आमचेच. दुसऱ्या महायुद्धात बल्गेरियन सैन्य आलं तेव्हा तेही तुम्ही आमचेच म्हणत आले होते, आणि माझ्या बापाचं आडनाव बदलून गेले.' आणि उठून त्यांनी उरलेला पाव फडक्यात बांधला, काकूच्या हातात दिला आणि दार उघडलं. पाहुण्याला रिकामं पाठवायचं नाही, म्हणून. त्याला ते प्रेम म्हणत नाहीत काका, हाकलणं म्हणतात.

लग्नाला ते तयार नाहीत. व्लाट्को म्हणतो, तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर तो समजूत घालेल. 'माझी चूक झाली, तुम्ही स्वतःला जे म्हणता तेच तुम्ही आहात.' एवढंच. इंग्रजीत, मराठीत, कशातही. माझं लग्न त्या दोन ओळींवर अडलंय. प्लीज.

अबोली


शॉमबर्ग, २० जून २००४

चि. अबोली,

माफी कशाची? वचन दिलं, पाळलं. एक शब्द बोललो नाही, तूच लिहितेस. भेट दिली ती चांगल्या मनाने. दोन भावांची तोंडं एकमेकांकडे फिरावीत म्हणून दिली. त्यात त्या गृहस्थाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्याला मी काय करू?

आणि नकाशा खोटा आहे का? तू अभ्यास करतेस, तू सांग. तुझ्या त्या जुन्या ग्रीक बखरकारांनी सॅम्युइलच्या लोकांना काय म्हटलंय? बल्गेरियन. स्टोयानने मला पानं दाखवली. तू लिहून दे की नकाशा खोटा आहे, मी कोलंबसला येऊन पाया पडतो. पण खऱ्या नकाशाबद्दल माफी मागायची? अगं, आम्ही उभं आयुष्य एका नकाशापायी घालवलं. तुझे बाबा डोकं फुटून आले तेव्हा मी त्यांना टांग्यातून उतरवलंय. ते म्हणाले असते का, चुकलं आमचं, तुम्ही म्हणता तेच आम्ही?

त्या मुलाचं तुझ्यावर प्रेम असेल तर तो एका चौकटीपायी मागे फिरणार नाही. आणि फिरला तर बरंच झालं, आधी कळलं.

काका


कोलंबस, २२ ऑगस्ट २००४

काका,

लग्न मोडलं. हॉलचं बुकिंग काल कॅन्सल केलं.

तुमचं पत्र मी व्लाट्कोला दाखवलं नाही, पण 'नकाशा खोटा आहे का' हा प्रश्न मात्र त्याच्याकडे आपोआप पोचला. त्याने माझ्या प्रबंधाचं चॅप्टर मागून घेतलं. त्यात मी लिहिलंय, बखरकार त्यांना बल्गेरियन म्हणतात. पुढे तीन पानं हेही लिहिलंय की तो शब्द तेव्हा वेगळा होता, त्याने आजच्या कुणाची ओळख पुसली जात नाही. ती तीन पानं त्याने वाचली नाहीत. आधी वाचली असती. तुमच्या नकाशानंतर वाचण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता. म्हणाला, 'तुझे काका नकाशा घेऊन आले, तू तर पुस्तकच लिहितेयस.' ते वाक्य काढ म्हणाला. मी नाही काढलं. कुणाच्या वतीने खोटं लिहिणार? त्याच्या, की तुमच्या?

तुम्हाला आणि त्याला, दोघांना एकच वाटलं, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. तुमच्याकडे बाजू आहेत. माझ्याकडे काही उरलं नाही.

मला आता लिहू नका. काकूला सांगा, फोनही नको.

अबोली


शॉमबर्ग, ८ ऑक्टोबर २००६

चि. अबोलीस आशीर्वाद.

तू डॉक्टर झालीस, कॉलेजात शिकवतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. पेढे वाटले. पत्ताही तिच्याकडूनच घेतला. दोन वर्षं झाली, राग किती दिवस धरायचा? झालं गेलं सोडून द्यावं.

बातमी वाचलीस ना? कर्नाटक सरकारने आपल्या बेळगावात विधानसभेचं अधिवेशन भरवलं. आमच्या उरावर! सुप्रीम कोर्टात केस चालू असताना! इथली आम्ही मंडळी एक पुस्तिका काढतोय. बेळगाव मुळात कुणाचं, यावर शिलालेखांच्या आधाराने दहा पानं हवीत. खाली तुझं नाव, पुढे डॉक्टरेट. आपल्या घरात अशी मुलगी असताना दुसऱ्याकडे कशाला जाऊ? तुझ्या बाबांसाठी लिही.

काका


अ‍ॅशबर्न, ५ नोव्हेंबर २००६

काका,

बाबांसाठी लिहिते. दहा पानं लागणार नाहीत.

आठशे वर्षांपूर्वी बेळगाव रट्ट राजांची राजधानी होती. किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन देऊळ, त्यांच्याच काळातली, जिच्या पायऱ्यांवर तुम्ही आणि बाबा भुईमुगाच्या शेंगा खात बसायचात. तिचे शिलालेख कानडीत आहेत. नंतर यादव आले, तेही आधी कानडीतच लेख कोरत होते, मग मराठीत. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आता जुन्या नकाशाने जमीन ठरते हा तुमचा नियम लावा. बेळगाव गेलं. तुम्हीच घालवलंत, सोनेरी चौकटीत.

मी तो नियम मानत नाही. मी मानते की बेळगावातली माणसं स्वतःला जे म्हणतात ते ती आहेत, आणि त्यांना विचारल्याशिवाय कुणी ठरवू नये. बाबांनी लाठी खाल्ली ती या गोष्टीसाठी, शिलालेखासाठी नाही. यावर मी शंभर पानं लिहीन, नाव घालून, फुकट. पण काका, तो नियम बेळगावात खरा असेल तर कोलंबसच्या बेकरीतही खरा आहे. मग तुम्ही स्पिरोंना त्या दोन ओळी लिहायला हव्यात. माझ्यासाठी नाही. व्लाट्कोचं गेल्या वर्षी लग्न झालं, मॅसिडोनियातल्या बिटोलाची मुलगी. मी कार्ड पाठवलं.

दोन्हीपैकी काय हवं ते सांगा. दोन्ही मिळणार नाही.

अबोली


शॉमबर्ग, १४ जानेवारी २००७

प्रिय अबोली,

आज संक्रांत. तिळगूळ वेगळा पाठवला आहे. हे पत्र ह्यांच्या नकळत लिहीत नाही, हे समोरच बसले आहेत, पण काय लिहिते विचारत नाहीत.

तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. पुस्तिकेच्या लोकांना फोन करून सांगितलं, अबोलीला वेळ नाही. स्पिरोंना ओळी लिहिल्या नाहीत. मी रोज पेन आणि कागद टेबलावर ठेवत होते, रोज रात्री उचलत होते. नवीन वर्ष लागलं तेव्हा ठेवणं बंद केलं. तू वाट बघत असशील तर बघू नकोस ग.

त्या संध्याकाळी स्पिरोंनी पाव माझ्या हातात दिला. ते काय बोलले मला कळलं नव्हतं, पण आडनावाचं तू लिहिलंस तेव्हापासून ते माझ्या डोक्यात आहे. मला माहेरी पद्मावती म्हणायचे. आई पद्दी म्हणायची. लग्नात ताटातल्या तांदळांत ह्यांनी अंगठीने वसुधा लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले. सगळ्याच मुलींचं बदलायचे तेव्हा. माझा भाऊ बेळगावात कानडी शाळेत मास्तर होता. आंदोलनात ह्यांचं त्याच्याशी वाजलं आणि त्याचं आपल्याकडे येणं बंद झालं. मी भांडले नाही. घरात शांतता राहावी म्हणून गप्प राहिले, आणि मग गप्प राहणंच अंगवळणी पडलं. तो गेला तेव्हा मी इथे होते.

परवा जेवताना मी ह्यांना विचारलं. तुमच्या नकाशाचं राहू द्या, अबोलीचं राहू द्या. मी कोण आहे ते सांगा. मी स्वतःला काय म्हणते ते तुम्ही कधी विचारलंय का?

ह्यांनी आमटीत भात कालवता कालवता माझ्याकडे बघितलं. अगदी मायेने बघितलं ग, खोटं नाही बोलत. म्हणाले, 'तू? तू आपलीच.'

मी ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं आणि धारवाडला वहिनीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. तेहेतीस वर्षांनी कानडी बोलताना आधी जीभ अडखळली, मग सुटली. स्वयंपाकघराचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तुझी पद्मावती काकू